सप्टेंबरात महेश्वर: नर्मदेच्या पाण्याचा अंदाज कशावरून घ्यावा?

रामबाग_इंदूर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

माझी आत्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून आमच्याकडे इंदूरला येते आहे. तिचे वय ७६. प्रकृती उत्तम आहे, परंतु दोन्ही गुडघे दुखरे असल्यामुळे पायऱ्या उतरताना तिला आधार लागतो. अहिल्याबाईंची पुण्यतिथी महेश्वरच्या राजवाड्यात, त्यांच्या गादीसमोर हात जोडून करायची आणि त्याच भेटीत नर्मदेची ओटी भरायची, हे तिने गेल्या वर्षी, जन्मत्रिशताब्दी झाली तेव्हापासून, मनात धरले आहे. १७९५ साली श्रावण वद्य चतुर्दशीला अहिल्याबाईंनी महेश्वरातच देह ठेवला. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ही तिथी १० सप्टेंबरच्या सुमारास येते. (आपल्याकडची हिंदी पंचांगे तीच तिथी भाद्रपदात धरतात, त्यामुळे इंदूरच्या पालखीचा दिवस विचारताना आमच्या घरी दर वर्षी घोळ होतो.)

माझी काळजी या तारखेचीच आहे. २०२३ च्या सप्टेंबरात इंदूरला दोन दिवस पाऊस थांबला नव्हता, आमच्या इमारतीच्या तळमजल्यात पाणी शिरले होते आणि त्याच वेळी महेश्वरचा घाट पाण्याखाली गेल्याची छायाचित्रे फोनवर येत होती. आत्याला पूर नवा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले, तेव्हा ती शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर चार दिवस अडकून होती. ती महेश्वरला यायला घाबरत नाही, परंतु परवा फोनवर तिने मला सरळ विचारले, “आमच्याकडे आयर्विनचे फूट कळले की आम्ही सामान माळ्यावर चढवायला घेतो, तुमच्या नर्मदेचे फूट कुठे कळतात?” मी इंदूरात जन्मले, लहानपणापासून वीस-पंचवीस वेळा महेश्वरला गेले, आणि मला याचे उत्तर देता आले नाही.

निघण्यापूर्वी काय पाहावे, मुक्काम कोठे करावा, आणि घाट बंद असेल तर एवढ्या लांबून आलेल्या बाईला तेथे पाहण्यासारखे काही उरते का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घाटावरची

माझे माहेर महेश्वर. लग्नानंतर इंदूरला आले, तरी वर्षातून चार-पाच फेऱ्या होतातच, त्यामुळे आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते.

महेश्वर तीन पातळ्यांवर वसले आहे, असे समजा. सर्वांत वर किल्ला आणि त्यातला राजवाडा. त्याखाली, पायऱ्या उतरून आल्यावर, अहिल्येश्वराचे मंदिर आणि समोर विठोजीराव होळकरांची छत्री, म्हणजे स्मारक, असलेले दगडी अंगण. त्याच्याही खाली घाट, आणि मग नदी. नर्मदा कितीही फुगली तरी राजवाडा तिच्या आवाक्यात येत नाही, कारण किल्ला नदीकाठच्या उंच कड्यावर उभा आहे, आणि ज्यांनी तो बांधला त्यांना ही नदी चांगली ठाऊक होती. आपल्या आत्यांचा मुख्य हेतू गादीसमोर हात जोडण्याचा आहे. गादी वर आहे. पालखी, जुनी शस्त्रे आणि देवघर हे सारेही वरच आहे. गावाच्या बाजूने गाडी किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जाते, तेव्हा त्यांना एकही अवघड पायरी न उतरता हे सर्व पाहता येईल.

शिवाय सकाळी लवकर पोहोचलात तर लिंगार्चन पाहायला मिळेल. ब्राह्मण ओळीने बसून ओल्या काळ्या मातीची बोटाच्या पेराएवढी शिवलिंगे पाटावर मांडत जातात, अशी हजारो शिवलिंगे रोज तयार होतात, त्यांची पूजा होते आणि मग ती नर्मदेत विसर्जित करतात. अहिल्याबाईंच्या वेळेपासूनचा हा नेम आजही सुरू आहे. लहानपणी मी आजोबांबरोबर तासन् तास ते पाहत बसत असे. मातीचा गोळा उचलणे, अंगठ्याने दाबणे, लिंग पाटावर ठेवणे, एवढीच क्रिया, परंतु सगळ्यांचे हात एका लयीत चाललेले असतात आणि खोलीत कोणी बोलत नाही. आत्यांना पायऱ्या न उतरता नर्मदेच्या पूजेच्या इतक्या जवळ जाता येईल अशी दुसरी जागा महेश्वरात नाही.

मुक्कामाविषयी एकच सांगते. खोली ठरवताना “नदी दिसते का?” असे सगळेच विचारतात, आपण “२०२३ साली तुमच्याकडे पाणी कोठवर आले होते?” असे विचारा. जो मालक लगेच भिंतीवरची खूण सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवा. जो “आमच्याकडे कधीच येत नाही” असे म्हणतो त्याच्या घराच्या पायऱ्या किती उंच आहेत ते स्वतः पाहून मगच पैसे द्या. किल्ल्याच्या बाजूला किंवा बाजारातल्या वरच्या गल्ल्यांत राहिलात तर रात्री शांत झोप लागेल.

पाणीमापक

मी जलसंपदा खात्यात नर्मदा खोऱ्यात अनेक वर्षे काम केले आहे, आता निवृत्त आहे. “नर्मदेचे फूट कुठे कळतात” हा आत्याबाईंचा प्रश्न फार योग्य आहे आणि मध्य प्रदेशात तो विचारणारी माणसे थोडी भेटतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे महेश्वरात किंवा इंदूरात किती पाऊस पडला, यावरून महेश्वरच्या पाण्याचा अंदाज बांधू नये. नर्मदा अमरकंटकाहून निघून १३१२ किलोमीटर वाहते आणि भरूचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते. महेश्वरपर्यंत येताना तिच्या पाण्याला जबलपूरजवळचे बरगी, तवा या उपनदीवरचे तवा, पुनासा येथील इंदिरा सागर आणि त्याच्या खालचे ओंकारेश्वर अशी धरणे ओलांडावी लागतात. म्हणजे महेश्वरच्या घाटावर पाणी किती असेल हे आज मुख्यतः इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर या दोन धरणांतून किती विसर्ग चालू आहे यावर ठरते. महेश्वरात लख्ख ऊन असताना पाणी चढू शकते, आणि महेश्वरात मुसळधार पाऊस असतानाही वरून विसर्ग नसेल तर नदी फारशी हलत नाही.

सांगलीकरांना कळेल अशा मापात सांगायचे, तर इंदिरा सागरचा एकूण साठा १२.२२ अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारे ४३१ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. कोयना १०५ टीएमसीचे, म्हणजे हे धरण कोयनेच्या चौपट झाले. त्याच्या खालच्या ओंकारेश्वरचा जलाशय मात्र त्या मानाने अगदी लहान. वरून मोठा विसर्ग आला तर तो धरून ठेवण्याची सोय ओंकारेश्वरात नाही, तो जवळजवळ तसाच पुढे सोडावा लागतो. इंदिरा सागरला २० वक्र दरवाजे आहेत आणि ओंकारेश्वरला २३. बातम्यांत “इतके दरवाजे इतक्या मीटरने उघडले” असे वाचाल तेव्हा प्रथम इंदिरा सागरचा आकडा पाहा, कारण पुढच्या काही तासांत ओंकारेश्वर त्याच वाटेने जाणार असते आणि त्यानंतर मंडलेश्वर व महेश्वर.

दुसरी गोष्ट सप्टेंबरची. पावसाळ्याच्या सुरुवातीला धरणे रिकामी असतात, त्यामुळे जुलैतला मोठा पाऊसही त्यांत सामावतो. सप्टेंबर येईपर्यंत इंदिरा सागरची पातळी पूर्ण साठ्याच्या, म्हणजे २६२.१३ मीटरच्या दिशेने सरकत असते, आणि मग आलेल्या पावसाला पोटात जागा उरत नाही. जेवढे येईल त्यातले बरेचसे सोडून द्यावे लागते. २०२३ साल या बाबतीत लक्षात ठेवावे असे आहे. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता, माळवा-निमाडात लोक पावसासाठी देव पाण्यात घालून बसले होते, आणि १५ ते १७ सप्टेंबर या तीनच दिवसांत चित्र उलटले. दोन्ही धरणांचे दरवाजे उघडावे लागले, ओंकारेश्वर आणि महेश्वरचे घाट बुडाले, आणि तेच पाणी १७ तारखेला सरदार सरोवरातून पुढे जाऊन चांदोद आणि भरूचच्या वस्त्यांत शिरले. म्हणून “यंदा ऑगस्ट कोरडा गेला, तेव्हा सप्टेंबरात भीती नाही” असे कोणी म्हटले तर ते ऐकू नका.

आता फुटांविषयी. केंद्रीय जल आयोगाचे मोजणी केंद्र मंडलेश्वरला आहे. मंडलेश्वर महेश्वरच्या वरच्या अंगाला, जेमतेम आठ किलोमीटरवर आहे, त्यामुळे तेथील आकडा हा व्यवहारात महेश्वरचाच आकडा समजावा. पावसाळ्यात आयोगाच्या पूर अंदाजाच्या संकेतस्थळावर ही पातळी दिसते. परंतु एक फरक आत्याबाईंना आधीच सांगा. आयर्विनचे फूट पुलापाशी ठरवलेल्या शून्यापासून मोजतात, त्यामुळे चाळीस म्हटले की सांगलीकराच्या डोळ्यांसमोर कोणत्या गल्लीत पाणी आले ते उभे राहते. मंडलेश्वरची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असते. ती वाचून पाणी किती खोल आहे ते कळत नाही. तेव्हा एका आकड्याकडे पाहू नका. सकाळचा आकडा लिहून ठेवा, तीन तासांनी पुन्हा पाहा, आणि पातळी चढते आहे, उतरते आहे की ठरली आहे ते ठरवा. चढत्या पाण्यात घाटावर जायचे नाही, मग चढण्याचा वेग कितीही कमी असो.

तिसरी गोष्ट मी अधिक गांभीर्याने सांगतो, कारण ती पुराची नाही आणि म्हणूनच लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. इंदिरा सागर येथे १००० मेगावॉट आणि ओंकारेश्वर येथे ५२० मेगावॉट विजेची सोय आहे. विजेची मागणी वाढली की जनित्रे सुरू होतात आणि दरवाजे बंद असूनही नदीत पाणी वाढते. ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यात धाराजी येथे अमावास्येच्या यात्रेसाठी जमलेले भाविक नदीपात्रात होते. वरून सोडलेले पाणी अचानक आले आणि ६० हून अधिक माणसे वाहून गेली. एप्रिल महिना होता, पाऊस नव्हता, पुराचा प्रश्नच नव्हता. महेश्वरच्या खाली जलकोटीला सहस्रधारा आहे, तेथे नदी काळ्या खडकांतून शेकडो धारांनी फुटते, दृश्य अतिशय सुंदर आहे, आणि नेमके त्याच कारणाने लोक खडकावरून खडकावर जात पात्राच्या मध्यापर्यंत जातात. सप्टेंबरात तर जाऊच नये. उन्हाळ्यातही काठावरूनच पाहावी.

मंडलेश्वरजवळ महेश्वर जलविद्युत प्रकल्पाचा बांध रस्त्यावरून दिसतो, तो पाहून काहीजण समजतात की पूर तेथे अडेल. तो प्रकल्प पूर्ण झालेला नाही आणि पूर अडवण्यासाठी तो नव्हताही.

माळव्यातला_प्रवासी

वरील माहिती वाचल्यानंतर मला असे वाटते की हा बेत पुढे ढकलणे हेच शहाणपणाचे होईल. ७६ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईंना भर सप्टेंबरात पूर येणाऱ्या गावी नेणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण करून घेणे आहे. दिवाळीनंतर कार्तिकात हवा चांगली असते, पाणी निवळलेले असते, परिक्रमावासी चातुर्मास संपवून पुन्हा वाटेला लागलेले असतात आणि घाटावर “नर्मदे हर” ऐकू येते. माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती असते, तेव्हा सारा घाट दिव्यांनी भरतो. पुण्यतिथी इंदूरच्या पालखीत साजरी करावी आणि महेश्वर हिवाळ्यात करावे.

रस्त्याविषयी मात्र कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. राऊ, मानपूर, धामनोद आणि तेथून महेश्वर हा चौपदरी महामार्गाचा रस्ता लांबीला सुमारे ९५ किलोमीटर असून तोच पावसाळ्यात सोयीचा आहे. धामनोदच्या अलीकडे गणपती घाटाचा उतार आहे; तेथे अवजड मालमोटारींचे ब्रेक निकामी होऊन वर्षानुवर्षे अपघात झाले, म्हणून २०२४ च्या अखेरीस उतरणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा रस्ता सुरू झाला; तरी घाट मालमोटारींपासून अंतर राखून आणि शक्यतो दिवसाउजेडी उतरावा. महूवरून जाम दरवाजामार्गे मंडलेश्वरला उतरणारा रस्ता अतिशय देखणा आहे आणि तो दरवाजा अहिल्याबाईंच्याच काळातला आहे, परंतु सप्टेंबरात तेथे ढग रस्त्यावर उतरतात आणि दहा पावलांवरचे दिसत नाही. शिवाय पूर म्हणजे केवळ नर्मदा नव्हे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या बांधकाम चालू असलेल्या धरणाला गळती लागली, खालची डझनाहून अधिक गावे रिकामी करावी लागली आणि हाच महामार्ग काही काळ बंद ठेवावा लागला होता.

आणखी एक. महेश्वरला जोडून ओंकारेश्वर करण्याचा मोह आवरावा. त्या वाटेवर मोरटक्क्याचा जुना पूल लागतो आणि पाणी वाढले की तो वाहतुकीला बंद करतात.

रामबाग_इंदूर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. माळव्यातला_प्रवासी यांचे म्हणणे मी आत्याला जसेच्या तसे वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “कार्तिकात मी असेन की नाही हे तुझ्या त्या प्रवाशांना ठाऊक आहे का? मला तिथीला जायचे आहे. पाणी चढले तर वरूनच नमस्कार करीन.” यावर मला बोलता आले नाही. तेव्हा जायचे हे ठरले आहे, कसे जायचे तेवढेच ठरवायचे आहे.

घाटावरची यांना एक विचारायचे आहे. समजा पाणी ठरलेले आहे किंवा उतरते आहे, तर आत्याला ओटीसाठी खाली न्यावे का? आणि न्यायचे नसेल, तर ओटी वरून भरली तर चालते का? हा प्रश्न कोणाला किरकोळ वाटेल, परंतु तिच्या दृष्टीने हा अर्धा प्रवास आहे.

घाटावरची

प्रश्न किरकोळ मुळीच नाही. माझ्या आईने आयुष्यभर पावसाळ्यात ओटी वरूनच भरली. चढत्या नर्मदेला बायका छत्र्यांच्या अंगणातून किंवा जेथवर जाता येईल तेथून हळदकुंकू वाहतात, खण-नारळ आणि तांदूळ ताटात ठेवून नदीला दाखवतात आणि ते ताट घाटावरच्या मंदिरात किंवा एखाद्या सवाष्णीला देतात. नदीत सोडलेच पाहिजे असे कोणी म्हणत नाही. माझी आजी तर म्हणायची की या दिवसांत नर्मदा स्वतःच पायऱ्या चढून आपल्याकडे येते, मग आपण खाली कशाला जायचे.

आता खाली न्यावे का ते सांगते. पाणी चढत असताना घाट धोक्याचा असतो हे सगळ्यांना कळते. उतरल्यानंतरचे दोन-तीन दिवस अधिक फसवे असतात. पूर ओसरताना प्रत्येक पायरीवर गाळाचा थर सोडून जातो. हा गाळ पिठासारखा बारीक असतो, ओला असतो तोवर साबणासारखा निसरडा, आणि वरून वाळला की त्याला पापडासारखे तडे जातात आणि खाली ओलच राहते. पाय ठेवला की वरचा पापुद्रा सरकतो. दगड कोरडा दिसतो म्हणून चालायला गेलेली धडधाकट माणसे मी पडलेली पाहिली आहेत. पाण्याच्या पाइपाने पायऱ्या धुऊन काढतात, परंतु ते काम वरून खाली होत येते आणि अगदी खालच्या पायऱ्या शेवटी राहतात. आपल्या आत्यांनी गाळ पूर्ण धुतलेला असेल तरच, आणि तेही फक्त छत्र्यांच्या अंगणापर्यंत, उतरावे. राजवाड्याकडून अंगणात येणाऱ्या पायऱ्या उभ्या आहेत, मध्ये दोनदा थांबावे लागेल, हात धरायला दोघे हवेत. घाई करू नये.

पाणीमापक यांनी आकडे सांगितले, ते अवश्य पाहावेत. गावातली माणसे मात्र नावांकडे पाहून सांगतात. नावाडी आपल्या नावा रोजच्या जागी बांधून ठेवतात तोवर काही नाही. ते नाव दोन पायऱ्या वर ओढून दोर आखडून घेऊ लागले की समजावे की त्यांना वरून निरोप आला आहे. फुले आणि प्रसाद विकणाऱ्या बायका टोपल्या उचलून अंगणाकडे आल्या, की मग कोणाला विचारत बसू नये, आपणही वर यावे. आमच्या घरी दुपारी काका घाटावर फेरी मारून येत आणि “नावा वर घेतल्या” एवढेच म्हणत. त्यावर आई धान्याची कोठी पाहायला उठत असे.

नौकाविहार या भेटीत करू नका. पात्राच्या मध्यावर खडकावर बाणेश्वराचे छोटे मंदिर आहे, नावाडी तेथे न्यायला तयार होतात, आणि पाणी उतरलेले असले तरी सप्टेंबरात प्रवाहाची ओढ काठावरून दिसते त्याहून बरीच जास्त असते. बाणेश्वर किल्ल्याच्या तटावरून स्पष्ट दिसतो. मोठ्या पुरात त्याचा कळसच पाण्याबाहेर राहतो आणि मग सगळे गाव तटावर उभे राहून त्याच्याकडे पाहत असते.

अंगणापर्यंत गेलातच, तर विठोजीरावांच्या छत्रीच्या जोत्यावरची हत्तींची रांग आत्यांना दाखवा. हत्ती दीड-दोन वितींचेच आहेत, परंतु प्रत्येकाची सोंड वेगळी वळलेली आहे. १८०१ साली पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने विठोजीरावांना हत्तीच्या पायी दिले, आणि त्यांच्या छत्रीभोवती हत्तीच कोरलेले आहेत. हे आठवले की मला तेथे फार वेळ उभे राहवत नाही. पुण्याकडून आलेल्या पाहुण्यांना मी मुद्दाम सांगते, कारण तिकडचा इतिहास आणि इकडचा इतिहास एकाच दगडावर आहे.

वर वेळ उरला तर हातमाग पाहा. होळकर घराण्याच्या पुढाकाराने १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या रेवा सोसायटीचे माग किल्ल्यातच आहेत, आत गेल्यावर ठोक्यांचा आवाज येतो. महेश्वरी साडीच्या काठावर चटई, वीट, हिरा अशी नक्षी असते आणि एक लहर असते. ती लहर नर्मदेची. आत्यांना साडी घ्यायची नसली तरी तो काठ हातात धरून पाहू द्या, दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो.

पाणीमापक

छोटीशी भर घालतो. घाटावरची यांनी नावांची जी खूण सांगितली ती मी माझ्या नोकरीत कधीही दुय्यम मानली नाही. आमचा आकडा पडद्यावर येईपर्यंत काही वेळ जातो, नावाड्याला वरच्या घाटांवरून फोन आधी येतो.

व्यवहारात असे करा. निघण्याच्या तीन दिवस आधीपासून दोन बातम्या रोज पाहा: हवामान खात्याचा खंडवा, हरदा आणि नर्मदापुरम भागाचा इशारा, आणि इंदिरा सागरच्या विसर्गाची बातमी. खरगोनचा, म्हणजे महेश्वरच्याच जिल्ह्याचा, इशारा त्या मानाने कमी महत्त्वाचा, कारण खरगोनचे पाणी बहुतांशी महेश्वरच्या खाली नर्मदेला मिळते. वरच्या भागाला लाल इशारा असेल आणि धरण भरत आले असेल, तर त्या दिवशी निघू नका, तिथी असली तरी. तिथीला इंदूरच्या पालखीत जा आणि पाणी उतरल्यावर महेश्वर करा. एवढी एक अट आत्याबाईंनी माझ्या शब्दाखातर मान्य करावी.

आणि परतीची वेळ दुपारी तीनची ठेवा. विसर्ग वाढवण्यापूर्वी काठावरच्या गावांना सूचना देतात, ध्वनिक्षेपक असलेली गाडी फिरते, भोंगा वाजतो. परंतु अंधारात आपल्या गावाच्या नसलेल्या रस्त्यावर ती सूचना ऐकून निर्णय घ्यावा लागणे ही चांगली गोष्ट नाही.

माळव्यातला_प्रवासी

मी माझे म्हणणे मागे घेतो. आत्यांचे वाक्य वाचल्यावर मला माझी आई आठवली. तिचे द्वारकेला जायचे दोन वर्षे पुढे ढकलले आणि मग राहूनच गेले. एकच विनंती, गाडीत पाणी, कोरडा फराळ, औषधे आणि एक रात्र काढता येईल एवढे कपडे ठेवा. महामार्ग बंद झाला तर धामनोदला थांबता येते, तेथून पुढे रेटू नका.

रामबाग_इंदूर

सर्व उत्तरे रात्री आत्याला फोनवर सावकाश वाचून दाखवली. तिने पाणीमापक यांची अट मान्य केली आहे, आणि ती शब्द मोडणारी नाही.

आमचा बेत आता असा आहे. ९ तारखेला सकाळी आठला निघून धामनोदमार्गे दुपारपर्यंत महेश्वर, मुक्काम बाजारातल्या वरच्या गल्लीत. तेथील घरमालकांना मी पाण्याच्या खुणेविषयी विचारले. त्यांनी तत्काळ “खालच्या चौकातल्या पिंपळाच्या पारापर्यंत” असे सांगितले आणि त्यांचे घर त्या पाराच्या बरेच वर आहे. १० तारखेला सकाळी लिंगार्चन आणि गादीचे दर्शन. त्यानंतर नावा कोठे बांधल्या आहेत ते माझे यजमान आधी खाली जाऊन पाहून येतील, आणि त्यांनी सांगितले तरच आत्याला घेऊन अंगणापर्यंत. नाहीतर तटावरूनच ताट दाखवू. दुपारी तीनला परत. ओंकारेश्वर आणि सहस्रधारा या वेळी नाहीत.

आत्याकडे २०१९ पासून एक वही आहे. कृष्णेला पाणी येऊ लागले की ती रोज तीन वेळा आयर्विनचे फूट तीत लिहिते. काल तिने त्या वहीत नवे पान काढले, वर “मंडलेश्वर, मीटर” असे लिहिले, आणि मला रोज सकाळी व संध्याकाळी आकडा कळवायला सांगितले आहे. आज संध्याकाळचा आकडा कळवून झाला. सकाळच्या मानाने पाणी किंचित उतरले आहे.